आशेवर आशा

इंग्रजी लिहिणारा माणूस आशेची गोष्ट काढू लागला की आधी उजेडाची सोय करतो. कुठे बोगद्याच्या टोकाला दिवा, कुठे काळ्या ढगाला चंदेरी कड, कुठे नुसताच एक किरण. आपली भाषा जास्त सावध आहे. मराठीत माणसाला आशेला लावतात, आशेवर झुलवतात आणि वर आशा वेडी असते असं म्हणून मोकळे होतात. या दोन स्वभावांमधल्या दरीवर प्रणिता चौगुलेचं पोट चालत होतं.

साल दोन हजार बेचाळीस. मिरजेतल्या एका मोठ्या रुग्णालयात ती भाषातपासनीस होती. तपासायचं होतं एक यंत्र. त्याचं नाव उकल.

हे यंत्र का लागलं ते आधी सांगायला हवं. वीसेक वर्षांपूर्वी डॉक्टर लोक आकडे सांगत. सत्तर टक्के आशा आहे म्हणून सांगितलेला रोगी दगावला की नातेवाईक कोर्टात जात, आणि डॉक्टरचंच पत्र त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभं राही. मग डॉक्टर शहाणे झाले. त्यांनी आकडे लिहिणं सोडलं. अवघड दुखण्याचे कागद जगाच्या पाठीवरच्या कुठल्याशा तज्ज्ञाकडे जाऊ लागले आणि त्याचं इंग्रजी पत्र येऊ लागलं. खाली नाव नाही, फक्त एक क्रमांक. त्यालाही रोग्याचं नाव कळत नसे. कोण कुणाला लिहितंय हे दोघांनाही ठाऊक नसलं म्हणजे भांडण कुणाशी करणार? अशा पत्रांमध्ये वाक्प्रचारांचं पीक आलं. आशा आहे म्हणावं तर आहे, नाही म्हणावं तर तसंही कुठे लिहिलेलं नाही.

त्यावर काही संशोधकांनी एक साधी युक्ती काढली. शब्दकोश बाजूला ठेवला. चाळीस लाख जुनी पत्रं घेतली आणि प्रत्येक वाक्प्रचार लिहिल्यानंतर त्या रोग्याचं पुढे काय झालं तेवढंच यंत्राला मोजायला लावलं. शब्दाचा अर्थ काय, तर त्याच्यानंतर जे घडतं तो. जे निघालं ते उलटंच होतं. ‘रे ऑफ होप’ म्हणजे आशेचा किरण लिहिलेल्या शंभरांपैकी बावीस लोक वर्षभराने जिवंत होते. ढगाच्या चंदेरी कडेचे चौदा. बोगद्याच्या टोकाला उजेड दिसलेले नऊ. ज्यांना खरोखर आशा होती त्यांच्या पत्रांत यातलं काहीच नव्हतं. तिथे गोळ्यांची नावं होती, पथ्य होतं, पुढच्या तपासणीची तारीख होती. दिवा लावायची पाळी अंधार पडल्यावरच येते, एवढं साधं ते गणित होतं.

तेव्हापासून कायदा झाला, की रोग्याने मागितलं तर उकलने काढलेला आकडा त्याला सांगायचाच. आकडा आला आणि माणसांची बोलणी बदलली. मिरजेत एखाद्याबद्दल ‘त्याच्या पत्रात बोगदा आलाय’ म्हटलं की ऐकणारा डोक्यावरची टोपी काढी. लेकी-सुना आकडा म्हाताऱ्यांपासून लपवत, म्हातारे सुनांपासून. प्रणिताचं काम यंत्राने चुकीचा वाक्प्रचार तर धरला नाही ना हे बघण्याचं. दहा वर्षांत तिने हजारो पत्रं तपासली होती आणि घरी जाऊन स्वयंपाकही केला होता. माणसाला सवय होते.

मग जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी पत्र आलं ते तिच्या आईचं.

*

आईला ती अव्वा म्हणायची, त्यांच्या जैन घरांत तशीच रीत होती. कांचनमाला मगदूम, वय बहात्तर. वर्षभरापासून तिच्या हाडांमधला मगज रक्त तयार करेनासा झाला होता. दर पंधरवड्याला बाहेरचं रक्त चढवायचं आणि पुढचा पंधरवडा ढकलायचा. उपाय एकच होता. तिच्याच पेशी काढून घ्यायच्या, प्रयोगशाळेत दुरुस्त करायच्या आणि परत तिच्याच शरीरात पेरायच्या. पेरलेलं उगवेपर्यंत सहा आठवडे काचेच्या बंद खोलीत राहायचं. उगवलं तर पुढे कित्येक वर्षं बघायला नको. नाही उगवलं तर त्या खोलीतून बाहेर येणं नाही. आणि काहीच केलं नाही तर पाच-सहा महिने हातात होते, तेही हिंडते-फिरते. खोलीत जायचं तर तीन फेब्रुवारीपर्यंत, त्यानंतर शरीराला ते झेपणार नव्हतं.

याच फेब्रुवारीत श्रवणबेळगोळला बाहुबलींचा महामस्तकाभिषेक होता. डोंगरावरची ती सत्तावन्न फुटी दगडी मूर्ती, आणि तिच्या मस्तकावर दुधाचे, केशराचे, उसाच्या रसाचे कलश. दर बारा वर्षांनी येणारा हा सोहळा अव्वाने एकदाही पाहिला नव्हता. दोन हजार सहाला प्रणिताला कांजिण्या आल्या. अठराला सासूबाई पडल्या आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. तीसला प्रणिताचं बाळंतपण. दर खेपेला गाडीत बसायच्या वेळी घरातलं कुणीतरी आडवं व्हायचं आणि अव्वा पिशवी परत रिकामी करायची. पुढचा अभिषेक दोन हजार चोपन्नला.

“काय म्हणतंय गं तुझं मशीन?” अव्वाने विचारलं. डॉक्टर जमदाडे टेबलापलीकडे बसले होते. तेच तिचे उपचार बघत. प्रणिताला आईच्या पत्राला हात लावायची परवानगी नव्हती, ती नुसती शेजारी बसली होती.

जमदाड्यांनी बटण दाबलं. उकलचा आवाज स्वच्छ, ना बाईचा ना पुरुषाचा. “लेखकाच्या भाषेवरून, या उपचाराने बरं होण्याची शक्यता शंभरात तीन.”

अव्वाने पदर नीट केला.

“तीन? मग सुटलेच की मी,” ती म्हणाली. “काचंच्या खोलीत कशाला मरू? बेळगोळला जाणार हाय मी, डाक्टर. परत यायचं न्हाई झालं तरी चालंल.”

“आजी, निर्णय तुमचा आहे,” जमदाडे म्हणाले. त्यांनाही सुटल्यासारखं झालं असावं.

प्रणिताचे वडील, नेमगोंडा मगदूम, बाहेर व्हरांड्यात उभे होते. आत यायला त्यांनी साफ नकार दिला होता. मिरजेच्या एका मराठी शाळेत त्यांनी चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. गावभर मगदूम सर म्हणून ओळख. “माझ्या बायकोचं पत्र मला दुसऱ्याकडून वाचून घ्यायची गरज नाही,” त्यांचं म्हणणं. मूळ इंग्रजी पत्राची प्रत तेवढी त्यांनी मागून घेतली, चौकोनी घडी करून खिशात ठेवली आणि रिक्षात जाऊन बसले.

*

घरी आल्याबरोबर अव्वाने माळ्यावरची पिशवी काढायला लावली. पूजेची पांढरी साडी, जपमाळ, गुडघ्यांना लावायचं तेल. डोंगर चढायला डोली मिळते का याची तिने फोनवर दोघी-तिघींकडे चौकशीसुद्धा केली. वर्षभरात तिच्या चेहऱ्यावर एवढं तेज प्रणिताने पाहिलं नव्हतं. तीन या आकड्याने तिला मोकळं केलं होतं.

सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकली. सर अंगणात खुर्ची टाकून बसले. त्यांनी घडी उलगडली आणि वर्गात वाचावं तसं मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

“सुंदर इंग्रजी आहे गं. ऐक. देअर इज अ रे ऑफ होप. आशेचा किरण. पुढं म्हणतोय, एव्हरी क्लाउड हॅज अ सिल्व्हर लायनिंग. मग बोगद्याच्या टोकाचा उजेड. आणि शेवट बघ कसा केलाय. वी होप अगेन्स्ट होप! तुझं मशीन तीन म्हणतंय. या माणसानं चार-चार ठिकाणी आशा लिहिली आहे.”

“अप्पा, म्हणूनच तीन,” ती म्हणाली आणि तिथेच थांबली.

किरण, कड, बोगदा, होप अगेन्स्ट होप. हा क्रम तिला पाठ होता. दहा वर्षांच्या नोकरीत कुठल्याही पत्रात असे चार वाक्प्रचार पाठोपाठ आलेले तिने पाहिले नव्हते. इंग्रजी माणूस एक दिवा लावतो आणि पुढे सरकतो. एका पत्रात दिवाळी करत नाही.

ती आत गेली आणि कपाटातून वडिलांची वही काढली. जाड पुठ्ठ्याची, निळ्या शाईची. ‘इडियम्स अँड फ्रेजेस, मराठी अर्थासह.’ सरांची पोरं या वहीवर मोठी झाली होती. निबंधासाठी सरांचा एक नियम असे. वाक्प्रचार घालायचे ते पानावरच्या क्रमानेच घालायचे, म्हणजे एकही सुटत नाही आणि तपासणाऱ्यालाही शोधाशोध पडत नाही. प्रत्येकी अर्धा गुण. एकोणिसाव्या पानावर मथळा होता, ‘आशा’. खाली चार ओळी. किरण. कड. बोगदा. आणि चौथी ओळ, ‘होप अगेन्स्ट होप : आशेवर आशा, म्हणजे दुप्पट आशा.’

हा अर्थ चूक होता, साफ चूक. आशेला जागाच उरलेली नसताना माणूस जी आशा धरून बसतो, तिला इंग्रजीत तसं म्हणतात. उकलच्या हिशोबात तो वाक्प्रचार लिहिलेले शंभरांतले तीन जण वाचले होते.

प्रणिताला ही चूक कॉलेजच्या वयातच कळली होती. कोल्हापूरला एम.ए.च्या तोंडी परीक्षेत तिने छाती पुढे काढून ‘दुप्पट आशा’ असं उत्तर दिलं आणि समोरचे तिन्ही परीक्षक हसले. त्यांतल्या एकाने ते पुढे वर्षभर विनोद म्हणून सांगितलं. ती रडली होती, पण घरी आल्यावर वडिलांना काही बोलली नाही. ज्या माणसाने आपल्याला ‘ए फॉर ॲपल’पासून सगळं दिलं, त्याच्या वहीत बोट कसं घालायचं?

आणि आता, जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात बसलेला एक डॉक्टर तीच वही पाठ म्हणत होता. त्याला आपण मगदूम सरांच्या बायकोबद्दल लिहितोय याचा पत्ता नव्हता. सवयीने त्याने पान एकोणीस क्रमाने उतरवलं होतं, आणि शेवटच्या ओळीत त्याला म्हणायचं होतं की दुप्पट आशा आहे. यंत्राने ते इंग्रजांच्या मापाने मोजलं. यंत्राचं गणित बरोबर होतं. माणूस मात्र इंग्रज नव्हता, तो मिरजेचा होता.

ही गोष्ट खरी होती की ती खरी असावी असं आपल्याला वाटतंय म्हणून दिसत होती? आतल्या खोलीत अव्वा साडीच्या घड्या घालत होती. तिच्या हातून बेळगोळ काढून घ्यायचं, ते एका वहीच्या भरवशावर.

*

उकलमध्ये एक सोय होती. एखाद्या लेखकाची भाषेची लकब वेगळी असेल तर तपासनिसाने तशी नोंद करायची. पण पुरावा लागे, आणि तो ज्याचा आहे त्याची सही लागे. ती वही घेऊन अंगणात आली. अजून उजेड होता.

“अप्पा, हा डॉक्टर तुमचा विद्यार्थी आहे.”

सरांनी वहीचं पान पाहिलं, मग पत्र, मग परत पान. त्यांचा चेहरा आधी खुलला. माणसाला दुसरं काय हवं असतं? मग हळूहळू तो खुललेला चेहरा मिटत गेला, कारण मुलीचं बोट चौथ्या ओळीवर होतं.

“हे तुम्ही...” ती म्हणाली.

“चुकीचं शिकवलं,” सर म्हणाले. “माहीत आहे मला.”

“कधीपासून?”

“महापुराच्या सालापासून.” त्यांनी चष्मा काढला. “एकोणीस सालचा पूर. आपलं नदीकाठचं घर पाण्यात, आणि आपण सगळे माझ्याच शाळेच्या वर्गात मुक्कामाला. तुझी आई चारशे माणसांच्या भाकऱ्या थापत होती. माझी जुनी वही भिजून लगदा झाली होती. पोरं नुसती बसून होती, म्हटलं शिकवू काहीतरी. ग्रंथालयातला शब्दकोश घेतला आणि वही नव्यानं लिहायला घेतली. आशेचं पान मुद्दाम काढलं. चौथ्या ओळीपाशी आलो आणि शब्दकोशात बघितलं. तीस वर्षं अंदाजानं शिकवत होतो मी. ‘डे आफ्टर डे’ म्हणजे दिवसामागून दिवस, तसं हे आशेवर आशा. खरा अर्थ वाचला. आशेला जागा नसताना धरलेली आशा.”

त्यांनी चष्मा सदऱ्याला पुसला.

“समोर साठ पोरं बसली होती गं. एकाच्याही घराचं छप्पर दिसत नव्हतं. ते मी फळ्यावर कसं लिहिणार होतो? आशेवर आशा लिहिलं. म्हटलं, पुढच्या वर्षी दुरुस्त करू. पुढच्या वर्षी शाळाच बंद पडल्या साथीत. तिसऱ्या वर्षी लाज वाटायला लागली. मग निवृत्तच झालो.”

“मलाही माहीत होतं,” प्रणिता म्हणाली. “सव्वीस वर्षं.”

“मग बोलली नाहीस ती?”

“तुम्ही बोललात?”

आतून अव्वाने विचारलं, “काय कुजबुज चाललीय बापलेकीची?”

“नोंद करावी लागेल अप्पा,” प्रणिता हळू आवाजात म्हणाली. “नेमगोंडा मगदूम, इंग्रजी शिक्षक, यांनी या वाक्प्रचाराचा चुकीचा अर्थ शिकवला, असं लिहावं लागेल. ते कायम राहणार. तुमचे विद्यार्थी सगळीकडे आहेत, कुणीही वाचेल. आणि अव्वाला परत सगळं सांगायला लागेल. ती आता कुठे निवांत झाली आहे. मी बरोबर करतेय का नाही, मला कळत नाही.”

सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. सत्याहत्तर वर्षांच्या माणसाकडे नावाशिवाय दुसरं काय शिल्लक असतं? चौतीस वर्षं त्या नावाला गावाने नमस्कार केला होता.

“लाल पेन आण,” ते म्हणाले.

तिने आणलं. त्यांनी वही मांडीवर घेतली, चौथ्या ओळीवर फुली मारली आणि समासात खरा अर्थ लिहिला. अक्षर तेच, वळणदार. खाली सही केली आणि तारीख घातली.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी जमदाड्यांच्या खोलीत तेच चौघे होते, आणि या वेळी सर आत आले होते. नोंद लेखकाच्या भाषेची होती, आईच्या पत्राची नव्हती, म्हणून प्रणिताला ती करता आली; दुसऱ्या तपासनिसाने ती पडताळली. उकलने या एका लेखकापुरते चारही वाक्प्रचार झाडून बाजूला केले आणि मागे उरलेली साधी वाक्यं तेवढी तोलली. पेशींची मोजणी, औषधाची मात्रा, छत्तिसाव्या दिवशी परत तपासणी. मग तोच स्वच्छ आवाज आला.

“शंभरात एक्केचाळीस.”

अव्वाने नवऱ्याकडे पाहिलं. “एक्केचाळीस म्हंजे काय? पास का नापास?”

“पस्तीसला पास,” सर म्हणाले.

“म्हंजे काठावर.”

“काठावर. पण पास.”

अव्वा हसली नाही. तिने हातातली जपमाळ मुठीत घट्ट धरली. “तीन होते तवा बरं होतं गं,” ती प्रणिताला म्हणाली. “मन कसं गप झालं होतं. आता परत सगळं आलं. परत भ्या वाटायचं, परत वाट बघायची. आणि बेळगोळ गेलं ते गेलंच.” तिचे डोळे भरले. आजारपणाच्या वर्षभरात ती पहिल्यांदा रडली, आणि तेही आशा आहे म्हणून.

जमदाडे खिडकीकडे बघत होते.

“तुमी सांगा,” अव्वा नवऱ्याला म्हणाली. “काय करू? आणि इंग्रजीतनं नको. किरण नको आन् ढग नको. मराठीत सांगा.”

अकराशे वाक्प्रचार पाठ असलेला हा माणूस, पण त्या वेळी त्यांना एकही उपयोगी पडला नाही.

“मला तू पाहिजेस,” ते म्हणाले.

अव्वा त्यांच्याकडे बघतच राहिली. “एकोणपन्नास वर्षं लागली व्हय एवढं म्हणायला?” तिने पदराने डोळे पुसले आणि डॉक्टरांकडे वळली. “कधी यायचं खोलीत?”

*

तीन फेब्रुवारीला ती काचेआड गेली. जाताना तिने एक अट घातली. सरांनी बेळगोळला जायचं. “छत्तीस वर्षांत घरातलं एक माणूस जाईना म्हंजे काय? कुणीतरी बघून यायलाच पायजे.” सर नको नको म्हणत होते, पण समाजाच्या बसमध्ये तिने आधीच स्वतःची जागा त्यांच्या नावावर करून ठेवली होती.

ते गेले, डोलीत बसून डोंगर चढले आणि पाच दिवसांनी परत आले. सोबत एका बाटलीत मूर्तीच्या अंगावरून ओघळलेलं अभिषेकाचं गंधोदक आणलं होतं. कपाळाला लावायचं ते, पण काचेच्या खोलीत उकळलेल्या पाण्याखेरीज काही जात नव्हतं. नर्सने ती बाटली बाहेरच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, अव्वाला पडल्या पडल्या दिसेल अशी. सरांनी बोलायचं बटण दाबून सगळं सांगितलं. दूध ओतलं तेव्हा मूर्ती कशी दिसली, हळद ओतली तेव्हा कशी. सगळं साधं सांगितलं. अव्वा डोळे मिटून ऐकत होती.

एकोणिसाव्या दिवशी ताप चढला. पेरलेलं मूळ धरत नव्हतं. तोंडात फोड आले, अन्न जाईना, केस उशीवर राहू लागले. तेविसाव्या दिवशी तिने प्रणिताला काचेजवळ बोलावलं. आवाज स्पीकरमधून खरखरत आला.

“आशेला लावलंस मला.”

तेवढं बोलून तिने कूस बदलली. प्रणिता तिथेच खाली बसली. कोर्टात कुणी तिच्यावर खटला भरणार नव्हता, नोंद नियमाप्रमाणे होती, दुसऱ्या तपासनिसाची सही होती. पण बेळगोळचा डोंगर आईला दिसायचा राहिला तो तिच्यामुळे. पुढचे तेरा दिवस ती कामावर गेली, लोकांच्या पत्रांतले बोगदे तपासले, आणि रोज दोन वेळा काचेपाशी येऊन उभी राहिली. अव्वा कधी हात हलवी, कधी नाही.

छत्तिसाव्या दिवशी रक्ताचा नमुना गेला. अडतिसाव्या दिवशी सकाळी त्याच क्रमांकाचं पत्र आलं.

जमदाड्यांनी यंत्राच्या बटणाकडे हात नेला. “थांबा,” प्रणिता म्हणाली. तिने छापलेला कागद घेतला, न वाचता, आणि व्हरांड्याच्या टोकाला काचेपाशी बसलेल्या वडिलांच्या हातात दिला. दहा वर्षं दुसऱ्यांची पत्रं वाचलेल्या बाईला हे एक वाचवेना.

सरांनी चष्मा लावला. ओळीखाली बोट धरून ते वाचू लागले, नेहमीसारखे मोठ्याने नाही, ओठातल्या ओठात. पत्र तीन ओळींचं होतं. पेशींनी मूळ धरलं आहे. गोळी अर्ध्यावर आणावी, कच्च्या भाज्या महिनाभर नकोत. सोमवारी घरी सोडावं.

त्यांनी कागद उलटा करून मागे पाहिलं. मागे काही नव्हतं. परत पुढचं वाचलं. किरण शोधला, ढग शोधला. मग कागद लेकीकडे दिला, आणि तीही तेच करू लागली, दिवे शोधू लागली, आणि तिला एकही सापडला नाही.

काचेपलीकडे हालचाल झाली. अव्वा कोपरावर रेलून उठली होती, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेला. “काय लिवलंय त्यानं?” स्पीकर खरखरला. “फार गोड गोड लिवलंय का?”

सरांनी बटणावर बोट ठेवलं.

“नाही,” ते म्हणाले. “काहीच लिहिलं नाही. सोमवारी घरी, एवढंच. एक वाक्प्रचार नाही गं पत्रात. दहापैकी चारसुद्धा देणार नाही मी याला.”

आणि बटण दाबलेलंच ठेवून ते रडू लागले, तेव्हा काचेपलीकडच्या बाईने त्यांना पुरतं रडू दिलं.